एका खोक्यात एक जोड

पंचशीलाला प्रश्न विचारायची खोड होती आणि ती लग्नानंतरही मोडली नाही. दवाखान्यात डॉक्टरला, एसटीत कंडक्टरला, रेशनच्या रांगेत पुढच्या बाईला, ती कुणालाही विचारायची. उत्तर मिळालं की त्या उत्तरावर पुन्हा विचारायची. त्यामुळे मुखेडला कोर्टासमोर आनंदराज वकिलाच्या टेबलापाशी बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच उलटतपासणी कोण कुणाची घेतंय ते कळेना.

"यांनी फवारणी किती वर्षं केली?" वकिलाने विचारलं.

"पंधरा. का साहेब, कमी केली असती तर झालं नसतं?"

"ते डॉक्टर सांगतील, ताई. तणनाशक कोणतं होतं?"

"हिरव्या टोपणाचं. पर मला एक सांगा, गवताला मारायचं ते माणसाच्या गळ्यात गाठ होऊन कसं बसलं?"

वकिलाने पेन खाली ठेवलं. शेजारच्या खुर्चीवर बसलेला व्यंकटी मफलरच्या आतून हसला. त्याला हे नवीन नव्हतं. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण खुर्चीत बसला तर अंगावरच्या शर्टात दुसरा एक मावेल असा वाळलेला. गळ्याच्या दोन्ही बाजूंना गाठी आल्या, बार्शीला तपासलं, रक्ताचाच एक कॅन्सर निघाला. सहा वेळा सलाइनीतून औषध गेलं, डोक्यावरचे केस गेले, भुवयाही गेल्या. तिथल्या डॉक्टरने कागदावर एक ओळ लिहून दिली होती, की या माणसाच्या फवारणीच्या कामाचा आजाराशी संबंध असू शकतो. ती ओळ पंचशीलाने इतक्या जणांना दाखवली होती की कागदाची घडी फाटायला आली होती.

"परदेशात अशा दाव्यांत लोकांना भरपाई मिळालीय," वकील म्हणाला. "आपल्याकडची वाट अवघड आहे, पण वाट आहे. निदान झालं त्याला दोन वर्षं व्हायला..." त्याने फाईल चाळली, "एकोणीस दिवस उरलेत. त्याच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. मला एकच वस्तू आणून द्या. बिल, नाहीतर लेबल असलेली बाटली. बॅच नंबर मिळाला की दुकानाच्या रजिस्टरातून तो माल कुणाला गेला ते मी काढतो."

"आन् न्हाई मिळालं तर?"

"मग तुम्ही म्हणाल हिरवं टोपण, आणि कंपनी म्हणेल हिरव्या टोपणाच्या बाटल्या आमच्या एकट्याच्या आहेत का?"

एसटीत परत येताना व्यंकटी खिडकीला डोकं टेकून झोपला आणि पंचशीला हातात तिकीट घेऊन तशीच बसून राहिली. भरपाईची गरज होती, नाही असं नाही. लेक लुंबिनी नांदेडला नर्सिंग शिकत होती, तिची फी होती. पण पंचशीलाला पैशापेक्षा जास्त एक गोष्ट खुपत होती. गावातले लोक म्हणत, व्यंकटीला दारूनं धरलं. ज्या माणसाने जन्मात ग्लासाला हात लावला नाही, त्याच्याबद्दल हे बोलत. तिला सरकारी शिक्क्याचं उत्तर पाहिजे होतं. ते एकदा मिळालं की ती गावभर वाचून दाखवणार होती.

पण बाटली आणायची कुठून? इथेच खरी गोम होती.

त्या गावात एक रीत आहे. औषध मालकाचं, पाणी मालकाचं, पंपही बहुतेक वेळा मालकाचा, पण रिकामी झालेली बाटली फवारणाऱ्याची. मजुरी ठरवताना ते कुणी बोलतही नाही. व्यंकटी संध्याकाळी दोन-तीन बाटल्या पिशवीत घालून आणायचा आणि पंचशीला त्या राखेने, वाळूने, मग लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने घासायची. लेबल असलेली बाटली कुणी घरात घेत नाही, म्हणून ती बाटल्या रात्रभर भिजत घालून खुरप्याच्या पाठीने लेबल खरवडून काढायची, डिंकाचा चिकटपणासुद्धा ठेवायची नाही. प्यायचं पाणी त्यात कधी भरलं नाही, तेवढं तिला कळत होतं. पण इंजिनाचं डिझेल, दिव्याचं रॉकेल, फिनेल, पुढच्या सालासाठी दोडक्याचं बी, सगळं गाव तिच्या बाटल्यांत भरून ठेवायचं. आणि ती त्याबद्दल मिरवायचीही.

आता ती घरोघर हिंडू लागली. पहिल्या दिवशी आपल्या गल्लीत, दुसऱ्या दिवशी वेशीच्या अलीकडे. लोक माळ्यावरून, गोठ्यातून, न्हाणीतून बाटल्या काढून दाखवत. एकूण एक लख्ख.

"तुझ्यासारखी बाटली कुणी घासत न्हाई बग," गुरम्मा म्हणाली. ही म्हातारी उदगीरकडची, दात गेलेले, पण कौतुक करताना तोंडभर हसायची. तिने बाटली उजेडात धरली. "इतकं पाणी लावलीस गं! ह्याच्यात काय हुतं ते ह्या बाटलीला बी आठवायचं न्हाई."

पंचशीला हसली आणि बाहेर येऊन दगडावर बसली. तिला रडू आलं. पंधरा वर्षं नवऱ्याच्या आजाराचा पुरावा रोज संध्याकाळी घरात येत होता आणि तिने तो आपल्या हाताने धुऊन गावात वाटला होता. कुणाला शिव्या द्याव्यात तर तिथे दुसरं कुणी नव्हतं.

बाटलीचा नाद सोडून तिने बिलाचा धरला.

बिलं शेतमालक किशनरावांच्या नावावर असणार, कारण व्यंकटी सगळ्यात जास्त त्यांच्याच रानात फवारायचा. पंचशीला तेव्हा त्यांच्याच हरभऱ्यात खुरपायला जात होती. त्यातही एक गंमत होती. तणनाशक आल्यापासून बायकांची खुरपणी बंद पडली होती, आणि गावातला फवारणारा अंथरुणाला खिळल्यावर मालकांना पुन्हा बायका आठवल्या. सहा जणींची पात धरून त्या सकाळपासून ओणव्या चालत. हरभऱ्याची आंब हाताला लागून बोटांच्या भेगा चरचरायच्या. दुपारी किशनराव धुऱ्यावर आले तेव्हा पंचशीला पात सोडून उभी राहिली.

"मालक, औषधाची बिलं हाईत का तुमच्याकडं? जुनी?"

"कशाला गं?"

तिने सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, तिला तो ठेवता येतच नव्हता. किशनराव साठीचा, मऊ बोलण्याचा माणूस. व्यंकटीला बार्शीला पहिल्यांदा नेलं ते यांच्याच जीपमधून, आणि डिझेलचं नावही त्यांनी काढलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"बिल माझ्या नावचं म्हंजी कागदावर मी आलो. कंपनीचा वकील पैला मलाच धरील. म्हनंल, मजुराला औषध दिलंस, तोंडाला फडकं दिलंस का? हाताला काय दिलंस? मग?"

"दिलं हुतं का काय, मालक?"

हा प्रश्न तिने टोचायला विचारला नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. पण पातीतल्या पाचही बायकांची खुरपी थांबली. किशनरावांचा चेहरा उतरला.

"व्यंकटी माझा सालगडी न्हवता," ते म्हणाले. "पंपामागं मजुरीवर येत हुता. मला यात वडू नगंस, पंचशीला. बाकी काय बी माग." आणि काही काम नसताना ते विहिरीकडे निघून गेले.

बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सिंधुआक्काने, म्हणजे किशनरावांच्या बायकोने, तूर पाखडायला तिला घरी बोलावलं. घर मोठं, कामं मोठी, आणि सिंधुआक्का हाताने सैल. मजुराच्या चहात ती दूध कमी घालत नसे. दुपारी पेपर आला की ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानावरच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढायची आणि मग तूर पाखडणाऱ्या बाईला जगाच्या बातम्या सांगायची.

तूर झाल्यावर ती म्हणाली, "पंचशीला, कोठीच्या खोलीतनं कुरडयांचं खोकं काढ गं, दोन मुठी घेऊन जा व्यंकटीला. तोंडाला चव तरी यील."

खोलीत अंधार होता. तीन खोकी एकावर एक ठेवलेली. पंचशीलाने वरचं उचलून दारातल्या उजेडात आणलं आणि तिच्या हातातून ते निसटता निसटता राहिलं. खोक्यावर हिरव्या टोपणाच्या बाटलीचं चित्र होतं. बाजूला चिटकवलेल्या पांढऱ्या कागदावर बॅच नंबर, तारीख, सगळं शाबूत. खोकं कुणी धुतलं नव्हतं, कारण खोकं घासायचं कुणाला सुचतं?

ती सातवी शिकलेली होती. ती तिथेच उकिडवी बसून खोकं फिरवून फिरवून वाचू लागली. बारा बाटल्या. लहान मुलांपासून दूर ठेवा. आणि वरच्या झाकणावर एका माणसाचं चित्र, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला पट्टी, कोपरापर्यंत निळे हातमोजे. त्याच्याखाली ओळ होती: फवारणी करणाऱ्यासाठी हातमोज्यांचा एक जोड आत मोफत.

निळे हातमोजे तिला ओळखीचे होते. चार उन्हाळे तिने ते घातले होते. या घरात वर्षाच्या तिखटाला वीस किलो मिरची यायची, तिची देठं काढायला पंचशीला बसायची, आणि सिंधुआक्का दरवर्षी आतून एक कोरा जोड आणून तिच्या पुढ्यात टाकायची. हात जळत्याल गं तुझे, घाल. गल्लीत जाऊन पंचशीलाने ते सांगितलंही होतं, की मालकीण असावी तर अशी.

"आक्का," तिने विचारलं, "ते मिरच्याचे निळे हातमोजे तुमी कुठनं आणत हुता?"

"ह्यातच यायचे की," सिंधुआक्का आतून म्हणाली. मग ती दारात आली, तिने खोकं पाहिलं, पंचशीलाचं बोट कोणत्या ओळीवर आहे ते पाहिलं. बाहेर कोंबड्या तुरीच्या कळनीवर तुटून पडल्या होत्या, त्यांना हाकलायला कुणी गेलं नाही. बऱ्याच वेळाने सिंधुआक्काने कुरडया एका धोतरावर ओतल्या आणि रिकामं खोकं पंचशीलाच्या हातात दिलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "हे यायच्या आत जा."

घरी व्यंकटी बाजेवर पडून होता. त्याने सगळं ऐकलं, खोक्यावरून हात फिरवला आणि हसला.

"बरं झालं की. तुझे हात तरी वाचले."

"हसता काय? तुमचे हुते ते!"

"अगं, दिले असते तरी मी कुठं घातले असते? नोझल तुंबलं की काढून तोंडानं फुंकावं लागायचं. दिवसातनं धा येळा. हातमोजे घालून नोझल निगतंय व्हय?"

पंचशीला बाजेच्या कडेला टेकली. "तोंडानं फुंकत हुता? मला कधी सांगितलं न्हाई."

"त्यात काय सांगायचं? सगळेच फुंकत्यात. वाईच कडू लागायचं, थुकलं की झालं."

"आन् कुणी म्हनलं असतं, फुंकू नगंस, हे ईख हाय, हातात घाल, तर?"

व्यंकटीने आढ्याकडे बघितलं. पाठीवर जिथे पंप घासायचा तिथली कातडी अजून काळी होती, आणि उन्हाळ्यात ती अजून खाजायची. पंप गळायचा, शर्ट पाठीला चिकटून बसायचा. घरी येऊन साबण लावला तरी उशीला वास राहायचा.

"कुणी म्हनलं असतं तर बगितलं असतं," तो हळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खोकं गोणपाटात गुंडाळून दोघं मुखेडला गेली. आनंदराज वकील बॅच नंबर बघून खुर्चीतून उठलाच. त्याने मोबाइलवर फोटो काढले, या बाजूने, त्या बाजूने. मग झाकणाचा फोटो काढायला तो वाकला आणि तसाच राहिला.

"ही ओळ घात करणार," तो म्हणाला.

"कसा?"

"कंपनी म्हणेल, आम्ही हातमोजे दिले होते. छापून दिलं होतं. मजुराला पोचले नाहीत, त्याला आम्ही काय करणार? मालकाला धरा. मालक म्हणेल, मला काय माहीत. संपलं." तो खुर्चीत मागे टेकला. मान दुसरीकडे वळवून म्हणाला, "पुठ्ठा जुना आहे. जुन्या पुठ्ठ्याचं झाकण फाटून जातं कधी कधी."

पंचशीलाला कळलं. तिने झाकणाला हात लावला. ओलसर झालेला पुठ्ठा, एका हिसक्यात निघाला असता. तिला मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. झाकण गेलं की हातमोजेही गेले, मिरच्या गेल्या, चार उन्हाळे गेले, आणि मालकांच्या दारात जायचं तोंडही शाबूत राहिलं. तिने व्यंकटीकडे बघितलं.

व्यंकटी मात्र दुसऱ्याच विचारात होता. त्याने मफलर सारखा केला आणि बायकोला विचारलं, "हातमोज्यात झोंबत न्हवतं ना मग? मिरच्या?"

"पैल्या दिवशी न्हाई झोंबलं. दुसऱ्या दिवशी बोटं फाटायची ना त्याची. मग तर लई आग व्हायची, तिखट आतच जाऊन बसायचं. रात्री हात ताकात बुडवून बसायची मी, तुमी बगितलं न्हाई का?"

"थांबा," वकील म्हणाला. "काय फाटायचं?"

"हातमोजे. बोटाच्या टोकाला. दर साली दुसऱ्या दिवशी."

"मिरच्यांची देठं काढून?"

"हाव. नुसती देठं." आणि मग पंचशीलाच्या खोडीने उचल खाल्ली. "अवो, एक बाटली किती पंपाला जायची?"

"धा," व्यंकटी म्हणाला.

"एका खोक्यात बाटल्या बारा. म्हंजी एकशेवीस पंप. आन् हातमोजे एक जोड. साहेब, मिरच्याला दोन दिवस टिकंना ते एकशेवीस पंपाला कुणाच्या हातात टिकणार हुतं? ते कंपनीनं घालून बगितलं हुतं का? तुमी त्यांला हे इचारू शकता का?"

वकिलाने नवा कागद घेतला. "इचारू शकतो," तो म्हणाला, तिच्याच बोलीत. "ते हातमोजे हातात घातलेला माणूस साक्षीला पाहिजे, आणि तो तुम्ही आहात. पण ताई, मग सगळं सांगावं लागेल. हातमोजे कुणासाठी होते, कुणी घातले. आणि ते असल्याच खोक्यांतले होते हे सांगायला तुमच्या मालकीणबाई लागतील. त्यांच्याशिवाय तुमचं नुसतं बोलणं राहील."

"झाकण?"

"राहू दे झाकण."

त्याने दावा दाखल करायची तारीख ठरवली, मालकीणबाईंनीही त्याच दिवशी कोर्टात यावं असं सांगितलं, आणि प्रतिज्ञापत्र लिहून वाचून दाखवलं. सदर हातमोजे माझ्या पतीसाठी होते, ते मी वापरले. व्यंकटीने जमिनीकडे बघत ऐकलं. पंचशीलाने सही सरळ ओळीत केली.

एसटीतून उतरल्यावर व्यंकटीला घरी पोचवून ती तशीच किशनरावांच्या वाटेला लागली. मागच्या दाराने जायची तिची सवय, पण आज ती पुढच्या दाराने गेली. किशनराव ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तिला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं.

"खोकं तू नेलंस म्हणं."

"हाव मालक. आक्काला इचारूनच नेलं." ती खालच्या पायरीवर उभी राहिली. "बिल मागायला न्हाई आले मी. आक्काकडंच काम हाय."

सिंधुआक्का आतून कणकेचे हात घेऊन आली.

"आक्का, कोर्टात सांगायचंय. हातमोजे त्या असल्या खोक्यांतले हुते आन् तुमी मला दिले. एवढंच. येता का?"

"म्हंजी आता माझ्या घरातल्या बाईला पिंजऱ्यात हुबी करणार?" किशनरावांचा आवाज चढला. गावात त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मी बी हुबीच ऱ्हाणार हाय, मालक. माझ्या नवऱ्याचे हातमोजे मी घातले, हे मी लिवून दिऊन आले आज."

"तू आत जा, सिंधू. काय गरज न्हाई. आन् बोलावलंच तर म्हनायचं, खोक्यावर काय लिवलंय ते आमाला म्हाईत न्हवतं. इषय संपला."

सिंधुआक्का आत गेली नाही. ती बोटांवरची कणीक काढत राहिली.

"म्हाईत हुतं," ती म्हणाली.

किशनरावांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"मला वाचता येतंय. पैल्याच साली वाचलं हुतं मी, फवारणी करणाऱ्यासाठी म्हणून. मला वाटलं, रानात कोण घालतंय असलं. हितं हिचे हात तरी वाचत्याल." तिने पंचशीलाकडे बघितलं, मग बघवेना म्हणून पायरीकडे बघितलं. "मी दर साली वाचत हुते गं ती ओळ."

त्या क्षणी पंचशीलाला या बाईचा इतका राग आला की हातात काही असतं तर तिने फेकून मारलं असतं. चार वर्षं ही बाई चहात दूध घालत होती आणि चार वर्षं तिला ठाऊक होतं. आणि तरीही गावात आजवर पंचशीलाला कुणी सरळ उत्तर दिलं असेल तर ते हिनेच.

"तारीख सांग," सिंधुआक्का म्हणाली. "हेच सांगते तिथं."

पंचशीलाने तारीख सांगितली.